हिरवी बाजू वर

डेरीवॉनच्या वाडीत कुणाच्या घरी मिस्साची पाळी आली की ते घर महिनाभर आधीपासून ढवळून निघतं. भिंतींना रंग लागतो, गोठ्याला चुना लागतो, ज्या कपाटाकडे फादर ढुंकूनही बघणार नाहीत तेही आतून पुसून निघतं. फादर चर्चमधून येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा म्हणजे प्रार्थनाविधी करणार, मग त्याच टेबलावर शेजाऱ्यांना चहा, हॅम आणि केक. तेवढ्या एका सकाळसाठी बायका कंबर मोडून घेतात. आणि या कामात साऱ्या वाडीत डिम्फना गेटलीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिच्या घराची वाडीत चेष्टा व्हायची, पण ती चेष्टासुद्धा मानानेच. कोलमन ट्रेसी म्हणायचा, "डिम्फनाच्या घरी जाताना टोपी काढा, बूट काढा, आणि जमलंच तर पायही बाहेर ठेवून जा." हे तिच्या कानावर यायचं. ती तोंडाने "मेल्याला दुसरं काम नाही" म्हणायची आणि मनात सुखावायची. नवरा मार्टिन जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती, आणि सत्तरी ओलांडलेली ही बाई त्या मोठ्या घरात एकटी राहून रोज सकाळी अंगण असं झाडायची, जणू दुपारी बिशपच येणार आहेत.

ही सवय तिला आईकडून आली नव्हती, बापाकडून आली होती. आणि घरात नव्हे, दलदलीत.

वाडीच्या मागे, रस्ता संपतो तिथून, तपकिरी सपाट दलदल पसरलेली आहे. वरून बघाल तर हेदरची झुडपं, कापूसगवताचे पांढरे गोंडे आणि वारा. खाली मात्र हजारो वर्षांचं कुजून काळं पडलेलं शेवाळ, माणूस बुडेल इतकं खोल. वाडीतल्या प्रत्येक घराचा त्यात एकेक पट्टा असायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथून ओल्या काळ्या विटा कापायच्या, वाऱ्यावर वाळवायच्या आणि वर्षभर चुलीत जाळायच्या. त्या विटांना टर्फ म्हणतात. डेरीवॉनमधला माणूस जन्मतो तेव्हा घरात टर्फचा धूर असतो आणि मरतो तेव्हाही असतो.

डिम्फनाला भाऊ नव्हता, म्हणून बाप तिलाच बरोबर न्यायचा. आणि कोलमनचा बाप लवकर गेला, म्हणून शेजारच्या पट्ट्यावरच्या त्या पोरालाही त्यानेच फावडं धरायला शिकवलं. त्याची शिस्त कडक होती. टर्फ कापण्याआधी वरची जिवंत हिरवी खपली काढावी लागते. बाकीचे लोक ती कशीही भिरकावून द्यायचे. हा मात्र प्रत्येक खपली हातांवर तोलून, कापून झालेल्या खड्ड्याच्या तळाशी ओळीने मांडायचा. हिरवी बाजू वर. "उलटी टाकलीस तर ती मेली," तो म्हणायचा. "आपण वरचं घेतलं, आता खालच्याला पांघरूण नको?"

पण त्याचा खरा जीव होता चरांवर. दलदलीतलं पाणी बाहेर काढणारे ते लांब चर तो वसंतात असे साफ करायचा की पाणी आरशासारखं धावायचं. कुणाच्या पट्ट्यात पाणी तुंबलेलं दिसलं की तो थांबून मान हलवायचा. "या घरात काय झालंय? गडीमाणूस आजारी आहे की काय?" तुंबलेलं पाणी म्हणजे न झाडलेलं अंगण. डिम्फनाच्या हातांनी हे इतक्या लहानपणी शिकून घेतलं की पुढे त्यांना ते कुणी शिकवलं होतं याचाही विसर पडला.

मग दिवस बदलले. कापता कापता दलदल दोन्ही बाजूंनी खाल्ली गेली आणि मधोमध एक छोटासा न कापलेला तुकडा उरला. सरकारने तो राखीव केला. पट्टे बंद झाले. फिनूला नावाची एक तरुण रखवालदार बाई आली, तिने माणसं लावून जुने चर ठिकठिकाणी टर्फच्या मातीचे बांध घालून बुजवले, आणि सांगितलं की पाणी आत राहिलं तरच ही दलदल जगेल.

वाडीत त्यावरून फार कडू बोलणं झालं. हॉलमधल्या सभेत कोलमन उभा राहून ओरडला होता, "माझ्या आज्याची दलदल तुम्ही बेडकांना दिलीत! एक दिवस येऊन तुमच्या डबक्याचं पाणी सोडून देतो, मग दाखवा पाहुण्यांना त्याचा तळ!" लोक हसले, काही जण गप्प झाले, आणि ते वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

डिम्फनाच्या बापाच्या चराला घातलेल्या बांधामागे हळूहळू पाणी साठलं. ती त्याला डबकं म्हणायची आणि फिनूला डोह म्हणायची. पण काही वर्षांत त्याच्या काठाने लाल, हिरवं, सोनेरी शेवाळ गाद्यांसारखं फुगून आलं. दवबिंदूची इवली झाडं आली, पानांवरच्या चिकट थेंबांत माश्या पकडणारी. उन्हात निळे चतुर पाण्यावर भिरभिरू लागले. डिम्फना रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला तिकडे जाऊ लागली. एकदा फिनूलाने तिला विचारलं, "मिसेस गेटली, इथे फळ्यांची वाट होणार आहे. लोक बघायला येतील. त्यांना फिरवून आणायला, चार गोष्टी सांगायला तुम्ही याल का?"

"मी? मला काय येतंय पोरी?"

"तुम्हाला इथली सगळी माणसं माहीत आहेत, सगळे पट्टे माहीत आहेत. बाकीचं मी सांगेन."

फिनूला आठवड्यातून एकदा चहाला यायची आणि सांगायची. डिम्फनाने सगळं पाठ केलं. "पाणी आहे तोवर दलदल आहे," हे वाक्य तर तिने आरशासमोर उभं राहून, हात पुढे करून म्हणून बघितलं. तिला दलदलीचं चित्र छापलेलं हिरवं जाकीट मिळालं. ते तिने खुंटीवर असं टांगलं की दारातून येणाऱ्याला आधी तेच दिसावं.

उद्घाटनाच्या आठवड्यात ती कोलमनच्या दारात गेली. "शनिवारी ये."

"कशाला? बेडकांच्या बारशाला?"

"ये म्हणते ना. तुझ्याही बापाची आहे ती जागा. बाहेर उभा राहून किती वर्षं शिव्या देणार आहेस?"

ती निघाली तेव्हा मागून म्हणाला, "चहा असेल का?"

"असेल. केकपण."

"मग बघू."

शुक्रवारी दिवसभर पाऊस पडला आणि संध्याकाळी उघडला. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत तिकडे उजेड रात्रीच्या जेवणानंतरही रेंगाळतो. डिम्फना एक फडकं घेऊन फळ्यांच्या वाटेवर गेली, शेवटची नजर टाकायला. पक्ष्यांची घाण पुसली, एका फळीच्या खाचेत अडकलेला चिखल नखाने काढला. आणि वाट संपते तिथल्या चौथऱ्यावर पोचली तर काय, डबकं भरून फुगलं होतं आणि पाणी फळ्यांवर आलं होतं.

नेमकं तिथेच उद्या सगळे उभे राहणार होते. फादर, शाळेची मुलं, तालुक्याची माणसं, समितीचा अध्यक्ष लॉर्कन किलब्राइड आणि त्याची ती पांढरे बूट घालणारी बायको. सगळ्यांचे पाय भिजणार. पाहुण्यांना दारात बोलावून पाण्यात उभं करायचं? घरी मिस्सा आहे आणि उंबऱ्यातच चिखल आहे, असं तिला झालं.

फिनूलाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ते उद्या पाहुण्यांना सांगायचं होतं, आज तर घर आवरायचं होतं.

ती घरी जाऊन बापाचं फावडं घेऊन आली. गमबूट घालून बांधावर उतरली. बांधाच्या डोक्यावर हिरवळ चांगली धरली होती. तिने खपल्या कापल्या, हातांवर तोलल्या आणि बाजूला ओळीने मांडल्या. खाली थोडी माती सारली, फक्त हातभर रुंदीची वाट. पाणी आधी बिचकलं, मग त्या वाटेने पलीकडच्या जुन्या चरात उतरलं. तो आवाज! लहानपणीचा, वसंतातला, बापाच्या शिट्टीसारखा. ती फावड्यावर रेलून ऐकत राहिली. फळ्या उघड्या पडल्या तेव्हा तिने त्या फडक्याने कोरड्या केल्या. उद्या पाहुणे गेले की खपल्या परत लावून टाकू, असं ठरवून ती घरी आली, केकवर साखर भुरभुरवली आणि सुखाने झोपली.

टर्फची माती पाण्याला एकदा वाट देते, मग स्वतःच वाट होऊन जाते. हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? चर खणताना तिच्या बापाने याच गुणाचा आयुष्यभर फायदा घेतला होता. रात्रभरात त्या हातभर वाटेने बांध खालपर्यंत कापून नेला.

सकाळी हिरवं जाकीट घालून, चकचकीत बूट घालून, केकचा डबा घेऊन ती आली तेव्हा चौथऱ्यावर माणसं गोळा झालेली होती. डबक्याच्या जागी काळाकुट्ट चिखल होता. काठाच्या शेवाळाच्या गाद्या खचून, फिक्या पडून लोंबत होत्या. चिखलात बेडकांची पिल्लं तडफडत होती. फिनूला गुडघ्यांवर बसून त्यांना ओंजळीने उचलून सँडविचच्या रिकाम्या डब्यात टाकत होती. तिने वर बघितलं नाही.

डिम्फनाच्या हातातला केक जड झाला. आत्ताच बोलावं, असं तिच्या मनात आलं. लोक अजून थोडे आहेत, फादरही आलेले नाहीत. "फिनूला, मी..." एवढं तिच्या घशापर्यंत आलं.

तेवढ्यात मागून फळ्या वाजल्या. कोलमन येत होता. लग्नाकार्याचा निळा कोट, गळ्यात टाय, पाण्याने बसवलेले केस. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्या वाटेवर पाय ठेवत होता.

"या, या कोलमन!" लॉर्कनचा आवाज चढला. "बघायला आलास होय, काम कसं झालंय ते?"

"कसलं काम?"

"सभेत सगळ्यांसमोर कोण म्हणालं होतं, पाणी सोडून देतो नि तळ दाखवतो म्हणून?"

"मी म्हणालो होतो. माझं तोंड बोलतं खूप, पण कामावर कधी जात नाही," कोलमन म्हणाला. एकजण हसला आणि लगेच थांबला, कारण कोलमनने तोवर चिखल बघितला होता. त्याचा चेहरा उतरला.

"हे बघ," लॉर्कनने बांधाकडे बोट केलं. "फावड्याचं काम आहे. पोराटोरांचं नाही, जुन्या कापणाऱ्याचं आहे. खपल्या बघ कशा मांडल्यात. हातांनी टर्फ कापलेला माणूस या वाडीत आता राहिलाय कोण? सांग ना. कोण?"

कोलमन उकिडवा बसला. त्याने ओळीतल्या पहिल्या खपलीवर हात ठेवला, मग दुसरीवर. सगळ्या हिरवी बाजू वर करून, कडेला कड लावून मांडलेल्या. असं मांडायला ज्याने शिकवलं तो माणूस कधीच मातीत गेला होता, आणि त्याने ते शिकवलं होतं दोघांनाच. लॉर्कनने बायकामाणसाचा विचारच केला नव्हता.

कोलमनने मान वर केली. लॉर्कनकडे नाही, डिम्फनाकडे. क्षणभरच. मग उठला, पँटीचे गुडघे झटकले.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. "ज्याने केलं त्याला काम येतं."

"म्हणजे कबूल आहे तर!"

"मी चहाला थांबत नाही," कोलमन म्हणाला आणि वळला. शाळेची मुलं तेव्हाच रांगेने येत होती. त्यांच्या बाई मुलांना फळीच्या कडेला ओढून घेत होत्या, आणि तो निळ्या कोटातला माणूस त्यांच्या मधून, कुणालाही धक्का लागू न देता, गेला.

लॉर्कनच्या बायकोने डिम्फनाचा दंड धरला. "बिचारी! तुमच्या जिवाला किती लागलं असेल. एवढं जीव लावून सांभाळलंत, आणि हा मेला..."

डिम्फनाने हो म्हणून मान हलवली.

पुढे कितीतरी दिवस तिला झोपेतून उठवायची ती हीच गोष्ट. पाणी सोडलं ते सोडलं. बोलली नाही तेही एक वेळ म्हणता आलं असतं की धीर झाला नाही. पण मान कुणी हलवली? ती तर तिची तिनेच हलवली होती.

फीत कापली गेली. फादरांनी आशीर्वाद दिला. मग मुलांसमोर डिम्फनाला उभं केलं. तिने हात पुढे केला, आरशासमोर केला होता तसा. "पाणी आहे तोवर..." आणि पुढचं येईना. मागे तो काळा चिखल वास मारत होता. लोकांना वाटलं बाईला दुःख अनावर झालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि त्या टाळ्या संपेपर्यंत तिला तिथे उभं राहावं लागलं.

संध्याकाळी ती कोलमनकडे गेली. त्याच्या घराचं दार उघडंच असतं. तो चुलीसमोर बसला होता, कोट खुर्चीच्या पाठीवर, कुत्रं पायांवर.

"ये. बूट काढू नकोस," तो म्हणाला. "इथली जमीन बघितलीस तर उलट दुसरे चढवशील."

ती दारातच उभी राहिली. "तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? 'मी नाही, ही' असं म्हणू? तुझ्या बापाच्या हाताखाली शिकलोय मी."

"म्हणून माझं तू अंगावर घेणार?"

"माझ्या अंगावर आधीच एवढे डाग आहेत बाई, एक वाढला तर कुणाला दिसतोय? तुझ्यावर पडला तर अर्ध्या कोसावरून दिसेल." त्याने चुलीत एक वीट सरकवली. "राहू दे. महिन्याभरात विसरतील."

आणि त्या वेळी डिम्फनाला हायसं वाटलं. खरोखर वाटलं, छातीतून काहीतरी सैल झालं. तिला ते कळलं, आणि कळल्याबरोबर तिचे कान तापले. शेजाऱ्याच्या पाठीवर आपलं ओझं ठेवून आपण मोकळा श्वास घेतला, आणि तोही इतक्या पटकन!

"पण केलंस कशाला?" कोलमनने विचारलं.

"पाणी फळ्यांवर आलं होतं. लोकांचे पाय भिजले असते."

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळे पुसले. "पाय भिजले असते! दलदल बघायला येणाऱ्यांचे पाय! अगं डिम्फना, दलदल झाडून ठेवलीस तू पाहुण्यांसाठी!"

ती हसली नाही. मग तोही थांबला.

"मला काय," तो मग हळू म्हणाला. "लॉर्कनला मी विचारत नाही. पण टाय शोधायला दोन खोल्या उपसल्या मी सकाळी. आणि ती पोरं... त्या बाईने पोरांना बाजूला ओढलं गं, मी येतोय बघून. तेवढं नसतं झालं तर बरं होतं."

डिम्फनाला वाटलं, याने आपल्या थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली. डेरीवॉनमध्ये मिस्सा जेवढी आत होते तेवढीच बाहेर, फाटकाशी होते. तिथे गुरांचे भाव कळतात, कोण आजारी आहे ते कळतं, आणि कोणाचं नाव निघाल्यावर आवाज खाली येतो तेही कळतं. कोलमन बाहेर आला तेव्हा आवाज खाली आले. त्याने टोपी घातली, सायकल घेतली. त्याच्यासाठी कुणी जागा करून दिली नाही, त्यालाच वळसा घालून जावं लागलं.

"लॉर्कन," डिम्फना पायरीवरूनच म्हणाली, "चर मी उघडला."

लॉर्कन वळला. आधी त्याला कळलंच नाही. मग त्याने समजूतदारपणे मान कलती केली. "डिम्फना, तुमचं मन मोठं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. जुना शेजारी आहे. पण म्हणून त्याला वाचवायला तुम्ही..."

"वाचवत नाही. मी उघडला."

"तुम्ही? राखणारी बाई तुम्ही, आणि तुम्हीच..."

बायका एकमेकींकडे बघून मायेने हसल्या. डिम्फनाला धक्का बसला. कबुली देणं कठीण जाईल हे तिने धरलं होतं. ती कुणी घेणारच नाही हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्या चांगल्या नावाची भिंत तिने स्वतः इतकी उंच बांधून ठेवली होती की आता आतून हाक मारली तरी बाहेर ऐकू जाईना. एक पाऊल मागे घेतलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, वर मोठ्या मनाची बाई म्हणून आणखी नाव झालं असतं.

"शुक्रवारी संध्याकाळी पाणी फळ्यांवर आलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी आधी फळ्या पुसल्या. कठड्यावर कावळ्याची घाण होती ती काढली. तिसऱ्या वळणावर फळीच्या खाचेत चिखल होता, तो नखाने काढला. मग वडिलांचं फावडं आणलं. पाणी उतरल्यावर चौथरा फडक्याने कोरडा केला, तुमच्या बायकोचे पांढरे बूट खराब होऊ नयेत म्हणून."

फावड्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. त्या फडक्यावर मात्र सगळ्यांचा बसला. दलदलीतली फळी फडक्याने पुसणारी बाई या मुलखात एकच होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अरे देवा," लॉर्कनची बायको म्हणाली आणि नकळत आपल्या पायांकडे बघितलं.

मागे कुणालातरी हसू फुटलं. ते दाबायचा प्रयत्न झाला, तो फसला, मग दुसऱ्याला फुटलं. त्याच दिवशी तिला नाव पडलं, "झाडूवाली डिम्फना", आणि ते आजही आहे. ती त्या हसण्यात उभी राहिली. "आणि शनिवारी कोलमनवर आळ आला तेव्हा मी मान हलवली," तिने सांगितलं. यावर मात्र कुणी हसलं नाही. सायकल धरून उभा असलेला कोलमन तेवढा पुटपुटला, "एवढं सगळं सांगायची गरज नव्हती." लॉर्कन त्याच्याकडे गेला, काहीतरी म्हणाला. कोलमनने ते ऐकून घेतलं आणि सायकलवर बसला.

फिनूला सोमवारी आली. चहा नको म्हणाली. टेबलापाशी उभीच राहिली.

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतंस."

"समजलं नव्हतं का?"

डिम्फनाला हो म्हणता आलं असतं. म्हातारी आहे, शिकलेली नाही, नाही समजलं. "समजलं होतं," ती म्हणाली. "पाठ होतं."

फिनूलाचे डोळे भरून आले ते रागाने की कशाने, तिला कळलं नाही. हिरवं जाकीट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून टेबलावर ठेवलेलं होतं. फिनूलाने ते उचललं. दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "बांध परत घालायला माणसं लागतील. मशीन तिथे नेता येत नाही."

डिम्फना दुसऱ्या दिवशी सकाळी गमबूट घालून हजर झाली. कोलमन तिच्या आधी येऊन बसला होता. "मी बेडकांसाठी आलेलो नाही," तो म्हणाला. "तू बांध घालणार म्हणजे तो दोनदा घालावा लागणार, म्हणून आलोय."

सारा उन्हाळा ते काम चाललं. माती पायांनी तुडवून घट्ट करायची, फळकुटं ठोकायची, पुन्हा माती. वाट तर उघडली होती, लोक येत होते, कधी गावची, कधी लांबची माणसं. त्यांना फिरवून आणायला आता फिनूलाच असायची. चौथऱ्यावर येऊन लोक खाली चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या म्हातारीला हमखास विचारायचे, "हे काय चाललंय?" फिनूला तेवढ्यापुरती दुसरीकडे बघायची. तिने कधी सांगितलं नाही. ते डिम्फनाने सांगायचं होतं.

पहिल्यांदा तिची जीभ जड झाली. "इथे पाणी होतं. मी सोडून दिलं. आता अडवतेय."

"तुम्ही? का हो?"

"तुमचे पाय भिजतील म्हणून."

काही हसायचे, काही कसनुसे व्हायचे. एक बाई चिडून म्हणाली, "लाज वाटायला हवी!" "वाटते," डिम्फना म्हणाली, आणि पायाने माती तुडवत राहिली. दर गटाला नव्याने सांगावं लागायचं. ते सवयीचं झालं नाही, दर वेळी कान तापायचे. कधी कधी कुणी म्हातारा शेतकरी ऐकायचा आणि चराकडे बघत राहायचा, स्वतःच्या पट्ट्यातले चर आठवत असल्यासारखा. फिनूला अशा माणसांजवळ जाऊन उभी राहायची.

शेवटी बांधाच्या डोक्यावर घालायला कोलमनने खपल्या आणल्या, राखीव हद्दीबाहेरच्या त्याच्या जुन्या खड्ड्यातून. त्या त्याने तिच्या हातात एकेक करून दिल्या आणि तिने मांडल्या. कशा मांडायच्या हे दोघांनाही माहीत होतं.

पानगळीत पाऊस लागला. पाणी आधी चिखलावर चमकलं, मग चिखल दिसेनासा झाला. शेवाळ अजून फिकंच होतं. ते पूर्वीसारखं फुगायला बरीच वर्षं लागतील, असं फिनूला म्हणाली, आणि ती वर्षं डिम्फनाजवळ आहेत की नाहीत याबद्दल कुणी काही बोललं नाही. चहाला मात्र फिनूला अजून येत नव्हती.

एका रविवारी मिस्सानंतर डिम्फना चौथऱ्यावर गेली. पाणी फळ्यांवर आलं होतं. एक कुटुंब उभं होतं, कोरड्या फळीवर अडलेलं, बायको नवऱ्याला म्हणत होती, "केवढी अव्यवस्था आहे ही! निदान इथलं पाणी तरी काढायचं."

डिम्फनाचे हात खिशात होते. तिच्या बोटांना बापाच्या फावड्याचा दांडा आठवला, अगदी त्याच्या गुळगुळीतपणासकट. तिने खिशात मुठी आवळल्या. मग ती वाकली, रविवारचे चकचकीत बूट काढले, मोजे काढून त्यात कोंबले, आणि त्या गार तपकिरी पाण्यात पाय ठेवून पुढे झाली.

"या," ती त्यांना म्हणाली. "पाय भिजतात इथे."